विषय : पाणी न येणेबाबत

बेलापूरला सरकारी कचेऱ्यांच्या रांगेसमोर, झाडाच्या सावलीत, अर्ज लिहून देणारा एक पोरगा बसतो. टाइपरायटर कधीच मोडीत गेला. आता जुना लॅपटॉप, शेजारी बॅटरीवर चालणारा प्रिंटर आणि कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलेला पेव्हर ब्लॉकचा तुकडा. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलंय : भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, पॅन, सर्व प्रकारचे अर्ज. मार्चमधल्या एका सकाळी त्याच्यासमोर खाडीकाठच्या गावातले एक म्हातारे कोळी उभे होते. अंगात धुवून पांढुरका पडलेला शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर.

"काका, विषय सांगा."

"पानी येत नाय."

पोराने सराईतपणे टाइप केलं, 'विषय : पाणी न येणेबाबत', आणि वर न बघताच विचारलं, "नळजोडणी क्रमांक?"

"नलाचा नाय रं. खारीचा. भरतीचा पानी आत येत नाय. उघारी बुजलीय."

पोरगा थांबला. खाडीच्या पाण्याला कुठलं खातं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याने फोल्डरमधून एक कागद काढून पुढे केला. आधी एकदा असाच अर्ज दिला होता, त्याचं ते उत्तर. एका कार्यालयाने कळवलं होतं की ग्राहक क्रमांक नमूद नसल्यामुळे आपल्या पाणीपुरवठ्याबाबतच्या तक्रारीवर कार्यवाही करता येत नाही. नोटरीसाठी ताटकळलेले दोघे-तिघे हसले. म्हातारेही थोडे हसले. मग हसू विरलं, कारण चूक कुणाचीच नव्हती. विषयात लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं. कारकुनाने विषय वाचला आणि कागद विषयाने नेला तिकडे पाठवला.

म्हाताऱ्यांची तक्रार समजायला उघाडी म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. खाडी आणि आतलं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती सखल जमीन, यांच्यामध्ये बांध असतो, आता बहुतेक ठिकाणी रस्ता किंवा भराव. त्याच्या पोटातून पाणी आत-बाहेर करायला जे तोंड ठेवतात ती उघाडी. पूर्वी लाकडी फळ्यांची असे, आता सिमेंटचा पाइप. मुंबई बंदराच्या भरतीच्या तक्त्यात उधाणाची मोठी भरती पाच मीटरच्या जवळ जाते, भांगाची, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची लहान भरती, साडेतीनच्या आगेमागे राहते. पाइप बसवताना त्याचं तोंड चार मीटरच्या पातळीवर गेलं, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे काही दिवसच पाणी आत शिरतं. मधला आठवडाभर आत जे असेल तेच तापत राहतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते भराभर आटतं, खारटपणा चढतो, वर शेवाळाची साय धरते, ती आधी हिरवी, मग तपकिरी होते, मग वास सुटतो. त्यात पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी गाळ, थर्माकोल आणि भरावातून घसरलेले दगड साठले की उधाणाचं पाणीही आत जात नाही. निवटी (चिखलात उड्या मारणारा छोटा मासा) संपते, चिंबोरी बिळं सोडते. रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, लागतं उथळ पाणी, ज्यात चोच उलटी बुडवून गाळता येईल एवढंच. पाणी त्याहून कमी झालं की चिखल टणक होतो आणि भटकी कुत्री चालत आत येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तळ्यावर रोहित मेले, तेव्हा सगळ्यांनी पक्ष्यांचे फोटो काढले. पाइपाचे फोटो त्या मानाने फार थोडे निघाले.

त्यात या जागेला एक नाव नाही. कोळ्यांचं ते खाजण. इंजिनिअरांच्या नकाशात असलीच कित्येक तळी होल्डिंग पाँड आहेत, म्हणजे भरतीच्या वेळी शहराचं पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं. नवी मुंबई सखल भरावावर वसवताना डच पद्धतीने केलेली ही सोय. पुढे त्या तळ्यांत गाळ साचला, गाळावर तिवर उगवली, आणि आता गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागतं, म्हणजे उच्च न्यायालयाच्या दारात जावं लागतं. पक्षी बघणाऱ्यांसाठी तीच जागा पाणथळ. नियोजनाच्या कागदावर ती कुठल्याशा सेक्टरचा भूखंड. २०१७ चे पाणथळ नियम उघडले तर भातशेती, नदीचं पात्र, मिठागरं, मत्स्यशेतीची आणि पिण्याच्या पाण्याची मानवनिर्मित तळी व्याख्येतूनच बाहेर ठेवलेली दिसतात, आणि सागरी किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये, येणाऱ्या पाणथळींना ते नियम लागूच होत नाहीत. म्हणजे ज्या शब्दावर पर्यावरणप्रेमी मंडळींचा सगळा जीव, तोच शब्द खाडीकाठी कुचकामी. चुकीच्या नावाने हाक मारली की जागा ओ देत नाही.

ही अडचण बेलापूरच्या झाडाखाली सुरू होत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : केंद्राचे विषय, राज्यांचे विषय, दोघांचे सामाईक विषय. या तिन्हींत 'पर्यावरण' नावाचा विषयच नाही. पाणी राज्यांकडे आहे. वनं आणि वन्यप्राणी १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने सामाईक यादीत आले. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा करताना संसदेला १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेकडे बोट दाखवावं लागलं आणि आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्याच्या, घटनेच्या कलम २५३ मधल्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. सगळ्या देशाच्या हवा-पाण्याचा कायदा, आणि कलमं २६. बाकीचा संसार या कायद्याच्या कलम ३ खाली मंत्रालयाने काढलेल्या अधिसूचनांवर चालतो. किनारा नियमन १९९१, २०११, २०१९. पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन २००६. यातलं एकही संसदेत मतदानाने मंजूर झालेलं नाही. मसुदा राजपत्रात छापतात, हरकतींसाठी ६० दिवस देतात, मग अंतिम अधिसूचना निघते. म्हणून पर्यावरणाची आस असलेला माणूस खासदार झाला की पहिल्याच अधिवेशनात त्याची पंचाईत होते. जे बदलायचं ते विधेयकात नसतं. आणि ज्याचं विधेयक येतं त्याच्या पोटात एखादं सर्वनाम, एखादं 'वगळून', एखादं 'आवश्यक तेथे' असं काही बसलेलं असतं की ते हेरायला कारकुनी डोळा लागतो.

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, हा हौशी उपाय. शुक्रवारी दुपारचे अडीच तास त्यासाठी राखलेले. आजवर संसदेने खासगी सदस्यांची १४ विधेयकं मंजूर केली, शेवटचं १९७० मध्ये. त्यानंतर एकही नाही. तरी ती मांडली जातात, आणि मांडावीतही, कारण मसुदा कागदावर राहतो.

खरं हत्यार आहे प्रश्न. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित, राज्यसभेत १५ आणि १६०. सूचना किमान १५ दिवस आधी द्यायची, शब्दमर्यादा पाळायची, आरोप नको, मत नको, उपरोध नको. क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. तारांकितला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, पण तासाभरात यादीतले थोडेच होतात. उरलेल्यांची उत्तरं पटलावर. नवखा खासदार विचारतो : नवी मुंबईत फ्लेमिंगो मरत आहेत याची सरकारला माहिती आहे काय? उत्तर ठरलेलं येतं, वन्यजीवांचं संरक्षण आणि व्यवस्थापन ही प्रामुख्याने राज्य सरकारची जबाबदारी आहे. विषय पाणीपुरवठ्याकडे गेला! मुरलेला खासदार पक्ष्याचं नावच घेत नाही. तो विचारतो : अमुक दिनांकाच्या पर्यावरणीय मंजुरीतल्या अमुक क्रमांकाच्या अटीबाबत आजवर किती सहामाही अहवाल मिळाले, कोणत्या तारखांना मिळाले, आणि ते कुठे प्रसिद्ध केले आहेत? २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे हे अहवाल दर वर्षी १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. इथे उत्तरात आकडा द्यावाच लागतो. नसेल तर 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं लिहावं लागतं. या निरुपद्रवी वाक्याचीही एक गंमत आहे. ते संसदेत आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि नाही केलं तर सरकारी आश्वासनांची समिती मागे लागते. या मागे लागण्याला वर्षं लागतात हेही खरं.

काँग्रेसचे खासदार आणि माजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांची कारकीर्द नवी मुंबईतून बघायला म्हणूनच बरी पडते. एक तर ते कधी इथले प्रतिनिधी नव्हते. २००४ पासून राज्यसभेत, आधी आंध्र प्रदेशातून, २०१६ नंतर कर्नाटकातून. ठाणे खाडीची व्यवस्था अशी की ऐरोली-बेलापूर ठाणे लोकसभा मतदारसंघात, पनवेल-उरण मावळात, समोरचा भांडुप-मुलुंडचा काठ ईशान्य मुंबईत. पाणी एकच, बारा तासांत या खासदाराच्या हद्दीतून त्या खासदाराच्या हद्दीत जाऊन परत येतं. तेव्हा ज्याला मतदारसंघच नाही अशा माणसाच्या सहीने या खाडीचं काही ठरावं, यात तसं विचित्र काही नाही. दुसरं असं की मे २००९ ते जुलै २०११ या काळात ते पर्यावरण आणि वन मंत्रालयाचे राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार) होते, आणि इथला सगळ्यात मोठा प्रकल्प त्याच दोन वर्षांत त्यांच्या टेबलावर होता.

नोव्हेंबर २०१० चा शेवटचा आठवडा आठवावा. २२ तारखेला नवी मुंबई विमानतळाला मंजुरी, ३२ अटींसह. २५ ला लवासाला कारणे दाखवा नोटीस. २८ ला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाला मंजुरी, ३५ अटींसह. आठवड्याभरात महाराष्ट्रातले तीन निर्णय, आणि तिन्ही वेगळ्या चालीचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी नागपूर धरून सात शहरांत जाहीर सभा घेऊन जनुकबदल केलेल्या बीटी वांग्याला स्थगिती दिली होती. त्या सभांत आरडाओरड झाली, पण निर्णयाचा लांबलचक कागद कारणांसह लोकांसमोर ठेवला गेला. ऑगस्टमध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीला वनमंजुरी नाकारली. मार्चमध्ये पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांची समिती नेमली. तेव्हा उद्योगवाले त्यांना अडवणारा म्हणत, चळवळवाले शेवटी झुकणारा म्हणत. दोघांकडेही पुरावे होते. आजही आहेत.

विमानतळाची जागा उलवे आणि गाढी या नद्यांच्या मध्ये, ११६० हेक्टर. दहा गावं उठणार, उलव्याचा डोंगर कापला जाणार, कांदळवन जाणार. मंत्री पर्यायी जागेची भाषा करत होते, नागरी उड्डाणवाले ऐकायला तयार नव्हते, राज्य सरकार घाईत होतं. अखेर तडजोड झाली. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर कमी केलं, त्याने कांदळवनाचा काही भाग वाचला. गाढी वळवायची नाही असं ठरलं, उलवे नदी वळवली. बदल्यात नवीन कांदळवन लावायचं. नदी वळवणं हा शब्द कागदावर फार सोपा दिसतो. नवीन चर खणला की पाणी तिकडून जातं, पण भरती जुन्या वाटेनेच वर चढू बघते, आणि जिथे गोडं-खारं मिसळायचं ती जागा सरकली की बोईट, कोळंबी आणि जिताड्याची पिल्लंही सरकतात किंवा नाहीशी होतात. बदली लागवडीचंही तसंच. तिवरीचं रोप चुकीच्या पातळीवर लावलं, भरती रोज पोचत नाही तिथे, की ते पहिल्या उन्हाळ्यात जळतं. फार खाली लावलं तर गाळ आणि शेवाळ त्याला गुदमरवतात. रोपांची संख्या अहवालात भरता येते, पातळीसाठी मात्र तक्त्यात रकाना नसतो.

आता या कारकिर्दीतली एक ओळ, जी जवळून बघण्यासारखी आहे. ६ जानेवारी २०११ ला त्यांच्या मंत्रालयाने नवी किनारा नियमन अधिसूचना काढली. किनाऱ्यावर काय काय मना आहे याची त्यात यादी आहे, आणि मनाईला जोडून अपवाद. त्या अपवादांत एक ओळ नव्या, मोकळ्या जागी बांधायच्या विमानतळाची : 'आधीच परवानगी दिलेला, फक्त नवी मुंबई येथे'. सबंध देशाच्या किनाऱ्याच्या नियमात आपलं गाव नावानिशी आहे. त्यातला 'आधीच' बघा. १९९१ च्या अधिसूचनेत विमानतळासाठी फट पाडणारी दुरुस्ती मे २००९ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस हे मंत्री झाले. 'आधीच' म्हणजे हे माझ्या आधीचं आहे. आणि 'फक्त' म्हणजे इतर कुणी हे उदाहरण घेऊन येऊ नये. ज्याच्यापुढे दार आधीच अर्धं उघडं आहे आणि ते लावायची ताकद नाही, असा माणूस काय करेल? दारात पाचर मारेल. 'फक्त' ही ती पाचर. वाघिवली-कोपरच्या माणसाला या व्याकरणाचा काडीइतका उपयोग नाही, त्याचं गाव गेलंच. पण दुसऱ्या एखाद्या खाडीला तो झाला असेल, आणि न झालेल्या विमानतळाची बातमी होत नाही. या दोन शब्दांकडे बघून कौतुक वाटावं की चीड यावी, हे त्या दिवशीच्या मनःस्थितीवर असतं.

८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पाम बीच रोडवरून आता विमानं दिसतात.

त्याच अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी स्वतंत्र भाग आहे. तिथल्या कोळीवाड्यांना वेगळं मानून घरं दुरुस्त करायला, बांधायला वाट करून दिलेली आहे. ट्रॉम्बेचा कोळीवाडा त्यात बसत होता. समोर नवी मुंबईच्या काठावर दिवाळे, तेच पाणी, तीच जाळी, सोयरीकही तीच. पण ते बृहन्मुंबईच्या बाहेर, म्हणून त्याला ती ओळ नव्हती. मथळ्यातल्या एका शब्दाने खाडीला अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन काठ झाले.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा हे त्या दोन वर्षांतलं टिकलेलं काम. कायदा २०१० चा, पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. मुदती मात्र कडक : वाद उपस्थित झाल्यापासून सहा महिने, आणि मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी ६०. एक्क्याण्णवाव्या दिवशी गेलात तर प्रकरण कितीही खरं असो, दार बंद. गंमत याच्या परिशिष्टात आहे. न्यायाधिकरण कुठल्या कायद्यांखालचे वाद ऐकेल त्याची सात नावं तिथे दिलेली आहेत : पाणी, पाणी उपकर, वन संवर्धन, हवा, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा, जैवविविधता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ या यादीत नाही. परिणाम असा की नवी मुंबईत रोहित मेला म्हणून, रोहिताच्या नावाने, तिथे जाता येत नाही. ज्या चिखलात तो उभा होता त्याच्या नावाने जाता येतं, कारण चिखल किनारा नियमनात येतो आणि ते पर्यावरण कायद्याखाली. त्यातही चिखल 'जैविकदृष्ट्या सक्रिय' हवा, तरच तो सीआरझेड-१अ, म्हणजे किनाऱ्याच्या सगळ्यात संवेदनशील वर्गात. निवटी उड्या मारत असली तरी तिच्याजवळ तसा दाखला नसतो. तो कुणीतरी शास्त्रज्ञाने द्यायचा. पोस्टरवर पक्षी छापावा, अर्जात चिखल लिहावा, हे इथले जुने लढवय्ये आता शिकले आहेत.

रमेश जुलै २०११ मध्ये बढती घेऊन ग्रामविकास खात्यात गेले. बढती होती की उचलबांगडी, यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. तिथे त्यांनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या जागी २०१३ चा कायदा आणला, ज्याच्या नावातच न्याय्य भरपाईचा हक्क आहे. साडेबारा टक्के आणि साडेबावीस टक्के (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या विकसित जमिनीचे वाटे) हे शब्द ज्या गावांत लग्नाच्या बोलण्यातही येतात, तिथे या नावाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुढे विरोधी बाकांवर असताना ते पर्यावरणाच्या संसदीय स्थायी समितीचे अध्यक्ष होते. अशा समितीत ३१ जण, लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. बंद खोलीत बैठका, कॅमेरा नाही, म्हणून भाषणंही कमी. वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक या समितीकडे आलं तेव्हा तिने २०२२ च्या अहवालात परिशिष्टांतल्या प्रजातींच्या याद्याच तपासून काढल्या, गळलेली नावं दाखवली. प्राण्याचं नाव परिशिष्टात नसलं तर तो कायद्यापुरता जन्मलेलाच नाही. हे नावं वाचत बसण्याचं काम कंटाळवाणं, आणि त्यांच्या कारकिर्दीतला माझ्या मते सगळ्यात सरस भाग हाच. वर्षभराने, मार्च २०२३ मध्ये, वन संवर्धन कायद्याची दुरुस्ती आली तेव्हा विधेयक या समितीकडे न पाठवता संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. रमेश यांनी हरकत घेतली, ती हरकत नोंदीत राहिली, आणि ऑगस्टपर्यंत कायदा झालाही. त्यात कायद्याचं नावही बदललं. कागद कुठल्या टेबलावर जातो यावर त्याचं काय होतं ते ठरतं, हे त्या म्हाताऱ्या कोळ्याला कुणी वेगळं सांगायला नको.

झाडाखाली तोवर नोटरीच्या रांगेतली एक मुलगी पुढे आली होती, कुठल्याशा वकिलाकडे ज्युनिअर असावी, काळा कोट हातावर. तिने पोराला सांगितलं, "विषय खोडा. असं लिहा : सीआरझेड-१अ क्षेत्रात समुद्राच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास झालेला अडथळा दूर करणेबाबत."

पोराने टाइप केलेलं वाचून दाखवलं. म्हाताऱ्यांना पटेना. "समिंदर कुठं हाय हितं? खारी हाय."

"आजोबा, कायद्यात भरती जाते तिथवर समुद्रच."

तिने सुचवलेले शब्द तिचे नव्हते. भराव, बांध, किंवा समुद्राच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात अडथळा, ही मनाई १९९१ च्या अधिसूचनेत होती, २०११ च्या अधिसूचनेत होती, २०१९ च्याही आहे. पुढे जोडलेले अपवाद दर खेपेला बदलले, मूळ शब्द तिन्ही वेळा राहिले. त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा असं कळवलं होतं. त्या पत्रापासून या झाडापर्यंत सरकारं आली-गेली, मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले गेले, आणि प्रत्येक वेळी हे चार-पाच शब्द खोडायला कुणीतरी विसरलं किंवा कुणीतरी खोडू दिलं नाही.

"लिव," म्हातारे म्हणाले, "समिंदर त समिंदर."

मग तिने सांगितलं काय काय जोडायचं ते. सर्व्हे नंबर. किनारा नकाशाचा १:४००० चा तुकडा, त्यात जागेवर पेनाने गोल. भरतीच्या तक्त्याचं पान. आणि फोटो दोन, पाइपाच्या दोन्ही बाजूंचे, एकाच वेळेचे, तारीख-वेळ दिसेल असे. बाहेर पाणी वर आणि आत कोरडं, हे एका नजरेत दिसायला हवं. पोरगा म्हणाला, फोटो आजच काढून आणा, मोबाइलवरून प्रिंट देतो, दहा रुपये पान.

म्हाताऱ्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "आज नवमी. भांग हाय, भायेर पन पानी चरनार नाय. फोटू अवसेला कारू, भर दुपारचे."

पोराने फाइल सेव्ह केली. नाव विचारलं, तर आधीच्याच नावाने झाली होती : पाणी न येणेबाबत.